एकाच प्रश्नचिन्हात दोन जावा

सोमवार, ता. ८

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (गेल्या वर्षापासून माझे गुडघे वाकत नाहीत, तेव्हा आठ अंगांतून तेवढे वजा करून उरलेल्यांचा स्वीकार व्हावा. न घातलेला नमस्कार लिहायला हात धजत नाही.) तुमची मान कशी आहे? पट्टा लावता, की खुंटीला अडकवून लांबून त्याच्याकडे बघता? मामीला फोनवर विचारलं तर "बरे आहेत" म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली त्यावरून पट्टा खुंटीवरच असावा. मामीचं रक्तदाब मोजायचं यंत्र नीट चालतंय का? मागच्या वेळी त्यात आकडा जास्त आला म्हणून तिने यंत्रच बदलून आणलं, आणि नव्यातही तोच आला म्हणून दोन्ही कपाटात ठेवून दिली, असं ताईकडून कळलं. आमच्याकडे सगळे ठीक. माझ्या नवऱ्याला झोप लागते, मला लागत नाही; म्हणजे सरासरी बरी आहे.

तसं काम काही नाही. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. पत्र टाइप केलेलं बघून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, पण तुम्हीच एकदा भर कार्यालयात माझ्या अक्षराकडे बघून "मुंग्यांनी मोर्चा काढलाय" म्हणाला होतात, आणि बारा वर्षं तुमच्या हाताखाली काम करून तो मोर्चा काही पांगला नाही. शिवाय तुमच्या निरोपसमारंभात मी जे भाषण केलं ("आता नोंदी यंत्र सांभाळेल, आता चुकीला जागा उरणार नाही") त्यानंतर आपण भेटलो की तुम्ही फक्त "बरं चाललंय ना" एवढंच विचारता आणि ताटात बघता. सात वर्षं झाली. तुम्हाला ते लागलं असेल, हे मला भाषण करतानाच कळलं होतं. मधेच थांबायला हवं होतं. पण कागदावर अजून दीड पान होतं आणि साहेब समोर बसले होते. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत लिहिलंय, "भाषण बरे झाले. मामा पाणी प्यायला उठले." तुम्ही परत आला नव्हतात, हे मी लिहिलेलं नाही. ते आत्ता लिहिते.

तर चुकीला जागा उरली आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही. तरी सांगते.

टेकडीपलीकडची वस्ती तुम्हाला आठवतेच. तिथल्या लोकांची बोली वेगळी, लिपी वेगळी, आणि त्या लिपीतली दोन अक्षरं अशी की त्यांना आपल्याकडे जोडच नाही. तुम्ही वस्तीची पहिली नोंद केलीत तेव्हा नावं आपल्या लिपीत लिहिलीत आणि ही दोन अक्षरं आली की ती त्यांच्या वळणाने मधे बसवलीत. "माणूस स्वतःचं नाव जसं लिहितो तसं आपण लिहायचं, आपल्याला वाचता येवो न येवो," हे मला तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलंत. एका अक्षराची शेपटी बाहेर जाते, दुसऱ्याची आत वळते. (ती इथे काढून दाखवता येत नाहीत, यातच या पत्राची निम्मी कहाणी आली. मी त्यांना बाहेरशेपट्या आणि आतशेपट्या म्हणते. वस्तीतल्या कुणासमोर म्हणत नाही.)

सहा वर्षांपूर्वी वह्या संगणकात भरायला घेतल्या. पहिल्या दिवशी काम सुरळीत. दुसऱ्या दिवशी वस्तीचं पहिलं नाव आलं आणि मी कळफलकाकडे बघत बसले. त्यावर ते अक्षर नव्हतं, आणि शेजारच्या दोन कळा एकदम दाबल्यानेही ते येत नव्हतं. साहेब म्हणाले, "त्यात काय एवढं? जवळचं एखादं टाका आणि पुढे चला." मला ते पटेना. जवळचं अक्षर टाकलं की नाव चुकीचं होणार, आणि चुकीचं असूनही बरोबर दिसणार. वाचणाऱ्याला कधी कळणारच नाही. त्यापेक्षा जे आपल्याला लिहिता येत नाही तिथे "लिहिता येत नाही" असं स्वच्छ सांगावं, म्हणून मी प्रश्नचिन्ह टाकायचं ठरवलं. दोन्ही अक्षरांना तेच. त्या दिवशीची रोजनिशी काढून पाहिली: "आज एक प्रामाणिक निर्णय घेतला. समाधान वाटले." ते समाधान तब्बल सहा वर्षं टिकलं, हे मान्य करायला हवं. साहेबांचं ऐकून दोन अक्षरांना जवळची दोन निरनिराळी टाकली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, आणि मी आळशी पण निर्दोष राहिले असते. प्रामाणिक आणि दोषी यातलं कुठलं अंग जास्त दुखतं, ते अजून ठरवते आहे.

दोनेक वर्षं लोकांनी कुरकुर केली. एक सुतार खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, माझं नाव सांगताय की मला विचारताय?" मग सवय झाली. त्यांच्या शाळेतली पोरं हजेरीत एकमेकांना प्रश्नचिन्हासकट हाका मारायला लागली, असं तिथल्या मास्तरांनी सांगितलं आणि वर म्हणाले की काळजी करू नका, चिडवाचिडवीच आहे. मी काळजी केलीच. पण काही केलं नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात वरच्या कार्यालयाने दुबार नावं काढून टाकणारा प्रोग्रॅम चालवला. नाव तेच, आडनाव तेच, घर तेच, जन्मतारीख तीच, म्हणजे माणूस एकच, असा त्याचा साधा हिशेब. आता वस्तीतल्या एका घरात दोन जावा होत्या. थोरली आणि धाकटी म्हणू. दोघींच्या नावात फरक एवढाच, की थोरलीच्या नावात बाहेरशेपट्या आणि धाकटीच्या नावात आतशेपट्या. बाकी नाव जुळ्यांसारखं. आडनाव अर्थात एकच. घर एकच, मधे भिंत घातलेलं, पण भिंतीला घरक्रमांक नसतो. आणि जन्मतारीख तुम्ही साऱ्या वस्तीला वर्षाची पहिली दिलेली, आणि वर्षसुद्धा बहुतेकांना तेच, कारण त्यांनी सांगितलं "पूल वाहून गेला त्या सालचे" आणि तुम्ही ते साल शोधून लिहिलंत. (मी नावं ठेवत नाहीये. मी असते तर पूल नक्की कधी वाहून गेला यावरच तीन महिने पत्रव्यवहार केला असता.) प्रोग्रॅमने दोघींची मिळून एक बाई केली. कुणाला कळलं नाही. एकवीस वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी आमच्या संगणकात एका ओळीत गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

धाकटी या हिवाळ्यात वारली. तिच्या मुलाने, तो ट्रक चालवतो, येऊन रीतसर नोंद केली. मीच केली. मी त्याला पाणी दिलं, दोन शब्द बोलले, आणि बटण दाबलं. त्या एका बटणाने मी त्याच्या आईबरोबर काकूलाही पोचवलं.

थोरलीचा एक डोळा गेलेलाच आहे. दुसऱ्याची शस्त्रक्रिया या एकोणीस तारखेला ठरली आहे. ते डॉक्टर इथे सहा महिन्यांतून एकदा येतात आणि पुढच्या वेळेपर्यंत हा डोळा थांबेल याची खात्री नाही, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. ही बाई तपासण्यांसाठी गेली, तर दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसाने तिचं कार्ड यंत्रात घातलं आणि म्हणाला, "आजी, मला तुम्ही दिसताय, पण इथे दिसत नाही." नेत्रविभागात असं बोलावं का, हा वेगळा मुद्दा. कार्डावर फोटो आहे ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. यंत्र फोटो बघत नाही, क्रमांक बघतं, आणि तो क्रमांक वारलेला होता.

ती माझ्या खिडकीशी आली ती पुतण्याचा हात धरून, म्हणजे त्याच ट्रकवाल्याचा. मी उभी राहिले. काय झालंय ते मी तिला समजावून सांगितलं, प्रश्नचिन्हापासून, काहीही न लपवता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भिंत घातली, विहीर वाटून घेतली, बोलणं बंद केलं. एवढं सगळं करून शेवटी मला तिच्याच नावावर मारलीत होय?" मी म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "तुझी कशी? तिचीच. कुठेही जाताना मला सोडून जायचं तिला जमलंच नाही कधी." पुतण्या खाली बघत होता. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल, पण तो हसू दाबत होता. मग दोघांनाही हसू आलं, आणि मग ती थोडी रडली, आणि पदर नाकाला लावून मला म्हणाली, "बघ बाई, काय करतेस ते. शिवणाच्या सुईत दोरा ओवता येत नाही मला."

मी काय केलं ते आता सांगते. हसू नका; किंवा हसा, पण मामीला वाचून दाखवताना हसा, म्हणजे तिचा रक्तदाब उतरेल.

आधी मी तिला जिवंत करायला गेले. मृत्यूची नोंद रद्द करण्याचा अर्ज आहे, पण तो मृताच्या वारसानेच करायचा असतो. वारस पुतण्या. त्याने आनंदाने सही केली. मग त्याच्या लक्षात आलं की ओळ एकच आहे, म्हणजे काकू उठली तर आईही उठणार. तो म्हणाला, "ताई, आईचे दिवस होऊन गेले. आता ती परत आली तर घरात कुणाला काय सांगू?" सही केलेला अर्ज त्याने हळूच स्वतःकडे ओढून घेतला. मी त्याला दोष देत नाही.

मग नवी ओळ उघडायला गेले. तेच नाव घातलं की संगणक म्हणतो, ही व्यक्ती आहे; आणि आहे म्हणजे वारलेली आहे. साहेब म्हणाले, "नवा जन्म दाखवा." वर्षाहून जुना जन्म संगणक घेत नाही, म्हणून तारीख त्या दिवसाची पडली. मी हे करायला नको होतं. मला करताना माहीत होतं, आणि रोजनिशीतही तसंच आहे: "नको होते." चौथ्या दिवशी थोरलीच्या घरी आरोग्यसेविका दाराशी, हातात लसीकरणाचं पत्रक, बाळ कुठे आहे विचारत. थोरली म्हणाली, "मीच आहे. डोळ्यासाठी काही देत असतील तर टोच." सेविका बिचारी खाटेखाली वाकून बघून गेली. आता ते बाळ रद्द करणं आलं. रद्द करण्याची कारणं संगणकात दोनच: मृत्यू, किंवा स्थलांतर. त्या बाईला दुसऱ्यांदा मारायला माझा हात उठेना. स्थलांतर दाबलं. तर "कुठे?" असा रकाना आला, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येईना. मी बराच वेळ विचार केला. आणि मामा, एवढं सगळं होऊनही मी त्यात प्रश्नचिन्हच टाकलं.

शेवटी वरच्या कार्यालयातल्या संगणकवाल्याकडे गेले. माणूस चांगला आहे, नखं खातो. मी त्याला म्हटलं, मला फक्त दोन अक्षरं द्या. त्याने मला जगभरच्या अक्षरांची यादी पडद्यावर दाखवली. काय नाही त्यात, मामा. हजारो हजारो अक्षरं, आणि अक्षरं संपली की चित्रं. हसणारे चेहरे, जीभ काढलेले चेहरे, घाम पुसणारे, उलटे टांगलेले. वांगं आहे. डायनासोर आहे, तोही एक नव्हे, दोन जातींचे. ते कधीचे नामशेष झाले, पण त्यांना जागा मिळाली. वस्तीतली माणसं अजून आहेत, हेच बहुधा त्यांचं चुकलं. मी विचारलं, वांग्याला जागा कशी मिळाली? तो म्हणाला, "मॅडम, वांगं लोक वापरतात." मी म्हटलं, हेही वापरतात, नाव लिहायला. तो म्हणाला, "कुठे वापरतात ते दाखवा. छापील काही आहे?" छापील कसं असणार? छापखान्याकडे त्यांचे खिळे कधी नव्हते, आणि आता संगणकात अक्षर नाही म्हणून छापता येत नाही, आणि छापलेलं नाही म्हणून संगणकात अक्षर नाही. त्याने यावर एक नख संपवलं. मग म्हणाला, अर्ज करता येतो, लोकांनी अशी पुष्कळ अक्षरं मिळवलीत, पण वर्षं जातात. आणि यादीत आलं तरी ते दिसायला वेगळा फाँट लागेल, आणि आपला हा प्रोग्रॅम इतका जुना की तो फाँट घेणार नाही. मी त्याला एकोणीस तारीख सांगितली. तो म्हणाला, "या महिन्याची?" आणि दुसऱ्या हाताच्या नखांकडे वळला.

त्यानेच मग जुना नियम शोधून काढला. संगणकातल्या दोन माणसांची गल्लत झाली, तर मूळ वहीतल्या नोंदी आणि ती वही लिहिणाऱ्याचं समक्ष शपथपत्र यांवरून साहेब हाताने ओळ वेगळी करू शकतात, नव्या क्रमांकासह, नावाकडे न बघता. त्याच दिवशी. असा नियम आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. एवढंच कळवायचं होतं.

बाकी विशेष नाही. मामीला नमस्कार, ताईच्या लेकीला आशीर्वाद. मानेला जपा.

तुमची भाची

ता. क. एवढंच कळवायचं नव्हतं. सतरा तारखेला, बुधवारी, सकाळी अकराला साहेबांच्या समोर तुम्ही हवे आहात. त्याच संध्याकाळी दुरुस्त क्रमांकांची यादी दवाखान्यात जाते. गाडीची तिकिटं दोन काढली आहेत, एक मामीचं. ती नसेल तर तुम्ही पट्टा घरी ठेवून याल. उतरायला आमच्याकडेच. भाषणाबद्दल जे लिहिलं ते मी हे काम नसतं तरी लिहिलं असतं का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. बहुतेक नसतं लिहिलं. पण लिहिलंय ते खरं आहे.

ता. क. २. एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. काल मूळ वही काढून त्या दोन ओळी पाहिल्या. मग भिंग घेऊन पाहिल्या. मग वही खिडकीत नेऊन उजेडात पाहिल्या. मामा, तुमच्या हाताने दोन्ही शेपट्या सारख्याच आल्या आहेत. दोन्ही धड बाहेर नाहीत, धड आत नाहीत. वस्तीच्या पहिल्या पानांवर त्या स्पष्ट आहेत. या पानापर्यंत बहुतेक हात दुखायला लागला असावा, एका दिवसात तुम्ही चौऱ्याऐंशी नावं लिहिली होतीत. म्हणजे माझ्या प्रश्नचिन्हाने जे केलं ते तुमच्या टाकाने पस्तीस वर्षं आधीच केलं होतं, फक्त वहीशेजारी तुम्ही बसलेले असल्यामुळे कुणाचं अडलं नाही. हे पाहून मला क्षणभर हलकं वाटलं. त्याची लाज वाटली. म्हणून कळवते.

ता. क. ३. तेव्हा अक्षरं वेगळी आहेत अशी शपथ मी तुम्हाला घ्यायला सांगू शकत नाही; वही समोर असेल आणि साहेबांना डोळे आहेत. थोरलीला मी हे सांगायला गेले, वाटलं तिचा धीर सुटेल. ती म्हणाली, "अगं, अक्षराचं काय घेऊन बसलीस? त्या कारकुनाला विचार, नावं लिहून घेताना आधी कोण सांगणार म्हणून आम्ही दोघी त्याच्या टेबलापाशी भांडलो होतो की नाही. इतक्या, की त्याची दौत उलटली." वहीत त्या दोन ओळींच्या खाली शाईचा मोठा डाग आहे, मामा. तो मी इतकी वर्षं तुमचा निष्काळजीपणा समजत होते. तुम्हाला ते भांडण आठवतं का? आठवत असेल तर शपथ त्याचीच घ्या: की त्या दिवशी माझ्यासमोर दोन बायका उभ्या होत्या. नसेल आठवत, तर तसं लगेच कळवा, मी दुसरं काही शोधते. आठवत नसताना आठवतं म्हणू नका. (हे तुम्हाला सांगायची गरज नाही, हे मला माहीत आहे. मला स्वतःला सांगते आहे. कारण तुम्ही खोटं आठवलंत तर मला चालेल, असं काल जिना उतरताना माझ्या मनात येऊन गेलं.)

ता. क. ४. थोडक्यात, त्या दोघी दोन होत्या ही गोष्ट ना संगणकात आहे, ना वहीत. कागदोपत्री ती सध्या फक्त तुमच्या डोक्यात आहे. तेव्हा प्रवासात मान सांभाळा, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नका आणि पायरी बघून पाय टाका. ही काळजी तुमचीच आहे, साक्षीची नाही.

साक्षीचीही आहे.